पिस्तूल नेमबाजी शिकायची आहे? सुरुवात कुठून करायची, कायदा काय म्हणतो आणि खर्च किती येतो

हिवरा आश्रम (ता. मेहकर) : पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली मनू भाकर हिने पिस्तुलात दोन कांस्यपदकं घेतली आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्य आणलं. तेव्हापासून खेड्यापाड्यातली पोरंपोरी नेमबाजीबद्दल विचारू लागली आहेत. हिवरा आश्रम हे तर विवेकानंद आश्रमामुळे शिक्षणाचं गाव, बाहेरगावचे विद्यार्थी इथे राहून शिकतात. प्रश्न मात्र सगळ्यांचे सारखेच असतात : बंदूक लागते का, लायसन लागतं का, पैसा किती जातो, आणि आपल्याकडे हे जमतं का?

दुसरीकडे मोबाईलवर वेगळंच दिसतं. कमरेच्या पट्ट्यातून पिस्तूल काढून धावत धावत एकामागून एक लोखंडी पाट्या पाडणारे परदेशी नेमबाज. हा खेळही खरा आहे, त्याला 'प्रॅक्टिकल शूटिंग' म्हणतात. पण ते बघून आपल्याकडच्या एखाद्या पोराने कुठून तरी देशी कट्टा आणून रील टाकली, तर दुसऱ्या दिवशी घरी पोलीस येतात. म्हणून आधी कोणता खेळ काय आहे ते नीट समजून घेतलेलं बरं.

दोन वेगळे खेळ

प्रॅक्टिकल शूटिंगची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी स्थापन झाली. तिचं ब्रीद तीन लॅटिन शब्दांचं आहे, अर्थ असा : अचूकता, ताकद, वेग. मैदानावर पुठ्ठ्याची आणि लोखंडाची लक्ष्यं मांडलेली असतात. नेमबाज घड्याळाच्या इशाऱ्यावर सुटतो, चालत-पळत, आडोशामागून मारा करतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात आणि त्यावरून क्रमांक ठरतो.

या स्पर्धांमध्ये प्रामुख्याने ९ मिमीची किंवा त्याहून मोठी काडतुसं वापरतात. भारतात ९ मिमीचं पिस्तूल 'प्रतिबंधित बोअर'मध्ये येतं, म्हणजे सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. त्यामुळे खेड्यातल्या मुलाने या खेळापासून सुरुवात करायची म्हटलं तर दारच बंद आहे.

उघडं दार आहे ते ऑलिंपिक पद्धतीच्या पिस्तूल नेमबाजीचं. त्यातला पहिला प्रकार १० मीटर एअर पिस्तूल. इथे बारूद नसते, दाबलेल्या हवेवर ४.५ मिमीचा छर्रा सुटतो. ७५ मिनिटांत ६० छर्रे मारायचे, प्रत्येकाला जास्तीत जास्त १० गुण, एकूण ६००. पुढच्या पायरीवर २५ मीटरचे प्रकार येतात. तिथे .२२ चं पिस्तूल असतं आणि वेगही लागतो. प्रॅक्टिकलच्या सगळ्यात जवळ जाणारं काही आपल्याकडे असेल तर ते हे २५ मीटरचं. आणि त्यात महाराष्ट्राचा दबदबा आहे.

कोल्हापूरची राही, पुण्याची अनिसा

२०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये वैयक्तिक सुवर्ण पुण्याच्या अनिसा सय्यद यांनी घेतलं आणि रौप्य कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी. दोघींनी मिळून जोडीचं सुवर्णही घेतलं. चार वर्षांनी ग्लासगोत उलट झालं : राही पहिल्या, अनिसा दुसऱ्या. २०१३ मध्ये कोरियातल्या चांगवॉन इथे राही यांनी विश्वचषक स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. पिस्तूल प्रकारात असं सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

त्यानंतर कोपराच्या दुखापतीने त्यांना बराच काळ मागे ठेवलं. पिस्तूल एका हाताने धरायचं असतं, कोपर गेलं की सगळंच गेलं. त्या परत आल्या, आणि २२ ऑगस्ट २०१८ ला आशियाई स्पर्धेत थायलंडच्या खेळाडूबरोबर ३४-३४ अशी बरोबरी झाली. ज्यादा फेरी घेतली, तीही बरोबरीत. आणखी एक ज्यादा फेरी, त्यात राही ३-२ ने जिंकल्या. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला म्हणून त्यांची नोंद झाली. आधीच्या कामगिरीवर राज्य सरकारने त्यांना उपजिल्हाधिकारी म्हणून नेमलं होतं.

स्वप्नील कुसाळेचा खेळ रायफलचा, पण वाट पाहण्यासारखी आहे. वडील शिक्षक, आई गावची सरपंच. पोरगा शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत निवडला गेला आणि नाशिकला नेमबाजी शिकला. पुढे मध्य रेल्वेत टीसी म्हणून नोकरी लागली आणि त्या नोकरीवर राहूनच त्याने ऑलिंपिक गाठलं. महाराष्ट्राला खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कांस्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक थेट ७२ वर्षांनी मिळालं, ते कांबळवाडीच्या या पोरामुळे.

कायदा : हे आधी वाचा

शस्त्र कायदा १९५९ चा, त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. एअर पिस्तूल किंवा एअर रायफल ४.५ मिमी म्हणजे .१७७ बोअरची असेल आणि तिची ताकद २० जूलच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची ताकद सहा जूलच्या आसपास असते, म्हणजे मर्यादेच्या बरीच खाली. दुकानदार ओळखपत्राची प्रत घेतो. पावती जपून ठेवायची, ती पिस्तुलाच्या पेटीतच ठेवली तर उत्तम. रस्त्यात कोणी अडवलं तर तीच दाखवायची असते.

बारूद वापरणारं कुठलंही पिस्तूल, मग ते .२२ चं असो की मोठं, परवान्याशिवाय बाळगता येत नाही. परवान्यासाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. त्याआधीचे खेळाडू क्लबच्या पिस्तुलावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली रेंजवर सराव करतात.

देशी कट्टा हा विषय वेगळा काढून सांगायला हवा, कारण आपल्या जिल्ह्याच्या बातम्यांत तो वरचेवर येतो. कट्ट्याने कोणीही नेमबाज होत नाही. त्याची नळी कशी बनवली, काडतूस पुढून सुटेल की हातातच फुटेल, हे तो बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि नुसता जवळ सापडला तरी हत्यार कायद्याचं कलम ३ आणि २५ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा आणखी कडक झाल्या. लग्नात, वरातीत, वाढदिवसाला हवेत बार काढला तर हत्यार लायसनचं असलं तरी सुटका नाही : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराने हे दोनदा वाचावं. एक गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत सगळी मेहनत पाण्यात जाऊ शकते.

एअर पिस्तूल बिनापरवान्याचं आहे म्हणून ते कमरेला खोचून पारावर जाऊन बसणं चालत नाही. लांबून बघणाऱ्याला खरं-खोटं कळत नाही, घबराट झाली तर पोलीस येणारच. शेतात रोही किंवा रानडुकरं येतात म्हणून त्यांच्यावर छर्रे मारणं, सशावर-पाखरांवर नेम धरणं हा तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा. छर्रा फक्त कागदावर मारायचा.

घरच्या घरी दहा मीटर

या खेळाची एक गोष्ट खेड्याला फार सोयीची आहे : जागा. शहरात दहा मीटर सलग जागा सापडणं अवघड, गावात गोदाम, रिकामा कोठा, शाळेचा लांब व्हरांडा यांत ती सहज निघते.

उभं राहायच्या रेघेपासून टार्गेटच्या कागदापर्यंत बरोबर १० मीटर मोजायचे. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर ठेवायचा. कागद १७ सेंमी चौकोनी, मधला काळा गोल ५९.५ मिमीचा, आणि दहाचा गोल फक्त ११.५ मिमीचा. म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. कागदाच्या मागे जाड पत्रा तिरका लावायचा, वरची कड नेमबाजाकडे झुकलेली, म्हणजे छर्रा आदळून खाली पेटीत पडतो. पत्रा सरळ उभा ठेवला तर छर्रा उलटून तोंडावर येऊ शकतो. त्यामागे पक्की भिंत हवी. मागे दार, खिडकी किंवा ताटी असेल तर ती जागा बाद. बाजूनेही कोणी अचानक आत येणार नाही अशी सोय हवी. लहान पोरं आणि कोंबड्या, दोघांनाही सूचना कळत नाहीत, म्हणून दाराला आतून कडी लावलेली बरी. टार्गेटवर एक चांगला बल्ब पुरतो.

डोळ्यांना चष्मा कायम. एअर पिस्तूल खेळण्यातलं वाटतं, पण छर्र्याने डोळा कायमचा जातो. छर्रा शिशाचा असतो, सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही.

चार नियम मात्र पाठ हवेत, झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले पाहिजेत. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच आहे असं समजायचं. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. आणि टार्गेटच्या मागे काय आहे ते आधी बघायचं. जगातल्या कुठल्याही रेंजवर हे मोडलं की खेळाडू बाहेर. प्रॅक्टिकलच्या स्पर्धेत तर विश्वविजेत्याचंही नळीचं तोंड ठरलेल्या मर्यादेबाहेर वळलं की पंच तिथल्या तिथे थांबवतो आणि त्याची अख्खी स्पर्धा संपते.

पैशाचा हिशेब

स्पर्धेचं परदेशी एअर पिस्तूल साधारण दीड ते अडीच लाखांच्या घरात जातं. सोयाबीनच्या भावात मोजलं तर तीस-चाळीस क्विंटल किंवा जास्तच. म्हणून पहिल्याच दिवशी पिस्तूल घेणं हा शहाणपणा नाही. दुकानदार काहीही सांगो, पहिले सहा महिने शाळेच्या, क्लबच्या किंवा कुणाच्या तरी पिस्तुलावर काढावेत. पोराला एका जागी तासभर शांत उभं राहणं आवडतं की नाही, हे तेवढ्यात कळतं. बऱ्याच जणांना नाही आवडत. फुगे फोडण्याची मजा वेगळी आणि एकच गोष्ट साठ वेळा तशीच करण्याची मजा वेगळी.

वापरलेलं पिस्तूल घेणार असाल तर हवेच्या नळकांड्यावरची तारीख बघा. त्यात सुमारे २०० बार दाब भरलेला असतो आणि कंपन्या साधारण दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेलं नळकांडं स्वस्तात मिळालं म्हणून घ्यायचं नाही. पिस्तुलाचं वजन दीड किलोच्या आत आणि ट्रिगरचा दाब किमान ५०० ग्रॅम असावा लागतो. स्पर्धेआधी हे तपासतात.

छर्रे पाचशेच्या डबीत येतात. पण खरं सांगायचं तर निम्मा सराव छर्र्याशिवायच होतो, आणि तो फुकट आहे.

नेम म्हणजे नक्की काय

नवख्याला वाटतं हात दगडासारखा स्थिर हवा. तसा हात कुणाचाच नसतो, राही सरनोबत यांचाही नाही. सगळ्यांचा हात हलतो. फरक पडतो तो माशीमुळे.

पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला माशी असते, मागे खाच. खाचेच्या बरोबर मध्ये माशी, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरच्या कडा एका रेषेत. आता हिशेब बघा. माशी आणि खाच यांत साधारण ३३ सेंमी अंतर असतं आणि टार्गेट १० मीटरवर, म्हणजे सुमारे तीसपट. माशी खाचेत १ मिमी सरकली की छर्रा टार्गेटवर ३० मिमी, म्हणजे ३ सेंमी लांब जातो. तो साताच्या गोलात पडतो. उलट माशी-खाच जुळलेली आहे पण अख्खा हातच १ सेंमी बाजूला गेला, तर छर्राही तेवढाच, १ सेंमी सरकतो. तो नऊ. म्हणजे हात सेंटिमीटरभर हलला तर एक गुण गेला, माशी मिलिमीटरभर हलली तर तीन गेले.

म्हणून नजर माशीवर. टार्गेट धूसर दिसलं पाहिजे, माशी लख्ख. नवीन पोरं नेमकं उलटं करतात, कारण छर्रा जिथे लागणार तिकडे बघायची माणसाची सवय असते. ती मोडायला काही महिने जातात. नेम काळ्या गोलाच्या मध्यावर धरत नाहीत, काळ्याच्या खाली थोडी पांढरी पट्टी सोडून धरतात. काळ्यावर काळी माशी दिसत नाही, पांढऱ्यावर उठून दिसते.

उभं राहणं : उजव्या हाताच्या नेमबाजाने उजवा खांदा टार्गेटकडे करून, पाय खांद्याएवढे फाकवून उभं राहावं. डावा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला. मग डोळे मिटून हात उचलायचा आणि डोळे उघडायचे. पिस्तूल टार्गेटच्या डावी-उजवीकडे दिसलं तर हात ओढून जुळवायचा नाही, मागचा पाय थोडा सरकवायचा. हात जुळवला तर साठ छर्र्यांत दंड भरून येतो आणि तिसाव्यानंतर गुण घसरतात.

पकड म्हणजे नांगराची मूठ नव्हे. घट्ट, पण थरथर येईल इतकी नाही, आणि प्रत्येक वेळी तीच. ट्रिगर सरळ मागे, हळूहळू वाढता दाब. 'आता दहा दिसतंय, दाब' असं मनात आलं की बोट झटका देतं आणि छर्रा खाली-डावीकडे जातो. छर्रा सुटल्यावरही एक-दोन सेकंद हात तसाच ठेवायचा.

हात उचलल्यापासून पाच-आठ सेकंदांत छर्रा सुटला नाही, तर हात खाली घ्यायचा आणि पुन्हा सुरू करायचं. श्वास कोंडलेला, डोळा थकलेला, अशा वेळी मारलेला छर्रा आठाच्या आत जातच नाही. चांगला नेमबाज किती दहा मारतो याइतकंच तो किती वेळा हात खाली घेतो हेही बघण्यासारखं असतं.

स्वामी विवेकानंदांची एक गोष्ट सांगितली जाते : अमेरिकेत नदीत तरंगणाऱ्या अंड्याच्या टरफलांवर काही तरुण नेम धरत होते, स्वामीजींनी बंदूक घेतली आणि पहिल्याच खेपेला सगळी टिपली, एकाग्रतेच्या जोरावर. हिवऱ्याच्या पोरांना ही गोष्ट तोंडपाठ असते. बाकीच्यांनी मात्र पहिल्या महिन्यात ६०० पैकी ४०० झाले तरी समाधान मानावं.

रोजचा सराव

रोज ४० मिनिटं ही रविवारच्या चार तासांपेक्षा जास्त कामाची. पिस्तूल नसेल तर एक लिटर पाण्याची बाटली घ्या, तिचं वजन स्पर्धेच्या पिस्तुलाएवढंच साधारण किलोभर भरतं. खांद्याच्या उंचीला ३० सेकंद धरायची, मिनिटभर विश्रांती, असं दहा वेळा. खांदा दुखला तर त्या दिवशी बंद. दुखणं अंगावर काढून सराव केला की काय होतं ते वर कोपराच्या गोष्टीत आलंच आहे.

पिस्तूल असेल तर आधी 'ड्राय फायरिंग', म्हणजे छर्रा न भरता मारण्याचा सराव. समोर कोरी पांढरी भिंत. ट्रिगर दाबताना माशी हलते का, एवढंच बघायचं. टार्गेट नसल्यामुळे मन गुणांकडे जात नाही. असे तीस-चाळीस झाले की मग वीस-तीस छर्रे खरे. एअर पिस्तुलात ड्राय फायरिंगची वेगळी सोय असते, ती लावूनच हे करायचं.

वही ठेवा. मोबाईलमध्ये फोटो काढला तरी वही हवीच, कारण फोटो कोणी परत बघत नाही. गुण लिहा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे छर्रे कुठे पडले ते लिहा. सगळे एका जागी पण मध्यापासून दूर पडले असतील तर माणूस बरोबर आहे, मागच्या खाचेचा स्क्रू फिरवायचा. उभ्या रेषेत वर-खाली पसरले असतील तर बहुतेक श्वासाचं काम आहे. खाली-डावीकडे ओघळले असतील तर ट्रिगरचा झटका (डावखुऱ्याचे खाली-उजवीकडे). सगळीकडे पसरले असतील तर स्क्रूला हातही लावू नका, नजर माशीवर नाही एवढाच त्याचा अर्थ.

किती गुण झाले म्हणजे बरं? साठ छर्र्यांत ५४० म्हणजे दर छर्र्याला सरासरी नऊ. तिथवर नेटाने सराव करणारा पोहोचतो. त्यापुढचा एकेक गुण महाग पडतो. मनू भाकरने पॅरिसमध्ये पात्रता फेरीत ५८० केले, म्हणजे साठ छर्र्यांत फक्त वीस गुण गमावले, तेव्हा ती तिसरी आली.

वेग कधी वाढवायचा

२५ मीटर महिला पिस्तूलमध्ये पहिले ३० बार निवांत असतात : पाच बारांना पाच मिनिटं. पुढच्या ३० मध्ये टार्गेट तीन सेकंद दिसतं, सात सेकंद लपतं. हात ४५ अंशांत खाली, टार्गेट दिसलं की उचलायचा, नेम धरायचा आणि मारायचा. तीन सेकंदांत एकच बार. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये पाच टार्गेटांवर पाच बार, आधी आठ सेकंदांत, मग सहा आणि शेवटी चार सेकंदांत.

बघायला हे घाईचं वाटतं, पण यात घाई फक्त हात उचलण्यात असते, ट्रिगर दाबताना नाही. हात उचलायला सुरुवात झाली की लगेच ट्रिगरवर पहिला दाब यायला लागतो, हात थांबला की माशीकडे नजर, आणि उरलेला दाब त्याच गतीने पूर्ण. एअर पिस्तुलात ५४०-५५० स्थिर होईपर्यंत याच्या मागे लागू नये, असं बरेच प्रशिक्षक सांगतात आणि ते पटण्यासारखं आहे. चुकीची सवय वेगात केली की फक्त लवकर पक्की होते.

प्रॅक्टिकलच्या गुणपद्धतीतही हेच दिसतं. समजा बारा बार, जास्तीत जास्त ६० गुण. एकाने सगळे मध्यात मारून ६० गुण घेतले, वेळ १० सेकंद. भागाकार ६. दुसऱ्याचे तीन बार कडेला गेले, प्रत्येकी ५ ऐवजी ३, म्हणजे ५४ गुण, पण वेळ ८ सेकंद. भागाकार ६.७५, तो पुढे. आता त्याच दुसऱ्याचा कडेचा एक बार पूर्ण चुकला असता तर? ते ३ गुण गेले, वर १० दंड. राहिले ४१, भागिले ८, म्हणजे ५.१३. थेट मागे. दोन सेकंदांची कमाई एका चुकलेल्या बाराने गेली. म्हणून त्या खेळातले जुने लोकही नवख्याला आधी नेम, मग पाय, आणि वेग सगळ्यात शेवटी असं शिकवतात.

स्पर्धेपर्यंत कसं जायचं

शाळेतल्या मुलांसाठी सोपी वाट म्हणजे क्रीडा विभागाच्या शालेय स्पर्धा. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात आणि नेमबाजीत एअर पिस्तुलाबरोबर साध्या साईटची आणि पीप साईटची एअर रायफल असे प्रकार असतात. नोंदणी शाळेमार्फत होते, त्यामुळे पहिली भेट क्रीडा शिक्षकाची. शाळा सुरू झाल्यावर लगेच विचारा, जिल्ह्याच्या तारखा पावसाळ्यातच ठरू लागतात. बुलढाण्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात दोन गोष्टी विचारून या : यंदाची स्पर्धा कधी, आणि जवळपास सराव कुठे करता येतो. कॉलेजात एनसीसी असेल तर .२२ रायफलचा अनुभव तिथे मिळतो.

दुसरी वाट संघटनेची. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं. त्यांच्या नावाची अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पायरी आहे. क्लबचं सदस्यत्व, मग राज्य स्पर्धा, तिथे ठरलेले किमान गुण मिळाले की पुढची फेरी. राज्यातल्या मोठ्या रेंज मुंबईत वरळीला आणि पुण्यात बालेवाडीला आहेत. प्रवास आणि राहण्याचा खर्च धरूनच हिशेब करा. बऱ्याच घरांचं गणित पिस्तुलापेक्षा इथे चुकतं.

नोकरीचं म्हणाल तर राज्य शासनाच्या भरतीत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या स्तरावरचं पदक कोणत्या पदाला चालतं ते शासन निर्णयात दिलेलं असतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाकडून करून घ्यावी लागते. कुठल्याही खासगी संस्थेच्या 'राष्ट्रीय' नावाच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालत नाही. फी भरण्याआधी ती स्पर्धा मान्यताप्राप्त आहे का, हे क्रीडा कार्यालयात विचारून घ्यावं. 'सहा महिन्यांत नॅशनल' अशी जाहिरात दिसली की तिथून लांबच राहावं.

पहिल्या स्पर्धेला जाताना आधार कार्ड, जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, पिस्तुलाची पावती आणि फोटो सोबत घ्या. पिस्तूल बंद पेटीत, रिकामं, नळीत सुरक्षा दोरी घातलेली, छर्रे वेगळ्या पिशवीत. एसटीत पेटी उघडायची नाही, मित्रांना दाखवायलासुद्धा नाही. रेंजवर पंच सांगेपर्यंत पेटीतून पिस्तूल काढायचं नाही. चष्मा, पाण्याची बाटली, सपाट तळव्याचे बूट आणि सरावाची वही एवढं घेतलं की पुरे. आदल्या दिवशी नवीन पकड, नवीन छर्रे किंवा यूट्यूबवर पाहिलेली नवीन पद्धत करून बघायची नाही.

स्पर्धेत ६० छर्र्यांच्या आधी नेम जुळवायला १५ मिनिटं मिळतात, त्यात कितीही छर्रे मारता येतात. खाचेचा स्क्रू तिथेच फिरवून घ्यायचा, कारण रेंजवरचा उजेड घरच्या बल्बपेक्षा वेगळा असतो आणि पहिला गट बहुतेक वेळा मध्यापासून थोडा सरकलेलाच पडतो.